रोज सकाळची पहिली नळी

विशू,

काल विहारात तुझा जलदानाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, भंतेजींचं सुत्तपठण झालं आणि मग आपल्याकडची रीत म्हणून एकेक जण 'दोन शब्द' बोलायला उठला. कुणी म्हणालं, विशाखाताईंनी कॅन्सरशी झुंज दिली. कुणी म्हणालं, बायकांचा कॅन्सर शोधता शोधता ताईंनी स्वतःचा जीव वाहिला. आपल्या वॉर्डाचे नगरसेवक भैया, ज्यांना तू जन्मात कधी मत दिलं नाहीस, त्यांनी तर तुला वीरांगना करून टाकलं. मग माझं नाव पुकारलं. मोठी बहीण, शिवाय रेल्वेच्या ऑफिसात सगळी नोकरी काढलेली, चार वाक्यं तरी धड बोलेल असं लोकांना वाटलं असणार. मी माइकपर्यंत गेले, तुझ्या फोटोकडे पाहिलं आणि तशीच परत फिरले. बायकांनी मला दोन्हीकडून धरून बसवलं. त्यांना वाटलं, हिला रडू आवरत नाही. मला राग आवरत नव्हता.

कसली झुंज, विशू? झुंजायला समोर कोण उभं आहे ते माहीत असावं लागतं. लाळेच्या थेंबात स्तनाचा कॅन्सर ऐकू येतो का हे शोधण्यात तुझी उमर गेली, आणि तो तुझ्याच छातीत घर करून बसला तेव्हा तुला पत्ता नव्हता. हे मला माइकवर बोलायचं होतं. हेच बोलू नकोस म्हणून दादाने आदल्या दिवशी माझ्यापुढे हात जोडले होते. म्हणून आता तुलाच सांगते. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते पुरं करायला दुसरं कुणी नाही.

आपण बाबांच्या रेल्वे क्वार्टरात वाढलो. दुपारी आईचा डोळा लागला की आपण दोघी फरशीला कान लावून पडायचो. रूळ जवळ होते पण मध्ये गोदामाची भिंत, त्यामुळे गाडी दिसत नसे. नुसत्या आवाजावरून ओळखायचं, पॅसेंजर की मालगाडी, आणि मालगाडी असली तर कोळसा भरलेली की रिकामी. मी घाई करून हरायचे. तू शेवटचा डबा जाईस्तोवर श्वास धरून थांबायचीस आणि मग म्हणायचीस, "भरून होती वं ताई. रिकामी अशी नाई वाजत." पुढे तुझं यंत्र मला समजावून सांगताना तू याच गाड्या काढल्यास. एक पातळ पडदा, त्याला इतकं बारीक भोक की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातही दिसायचं नाही. दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी, आणि भोकातून वीज वाहते आहे. लाळेतला एखादा कण भोकात शिरला की वीज क्षणभर अडते. ती किती अडली आणि किती वेळ अडली, त्यावरून कोण गेलं ते कळतं.

"कण पाह्यचा नाई ताई, त्याची चाल ऐकायची," तू म्हणालीस. "कॅन्सरवाल्या बाईच्या लाळेत काही काही कण जास्त असतात. गाडी भरून आहे की रिकामी, तेवढंच आमाले सांगायचं आहे."

"म्हणजे एवढं शिकून सवरून तू पुन्हा फरशीला कानच लावून बसली," मी म्हटलं. तू पोट धरून हसलीस.

या वाटेला तू का लागलीस ते विहारात कुणी बोललं नाही. चारचौघांत ते बोलायचं नसतं. पण आपल्या शेजारच्या शेवंताकाकू तुला जन्मभर पुरल्या. छातीतली गाठ त्यांनी पदराखाली लपवली, ती फुटेपर्यंत लपवली. नंतर त्यांच्या घरात दिवसभर अगरबत्त्या जळायच्या आणि आलेल्या पाहुण्यांना सांगायचे की कुठेतरी उंदीर मेलाय. तू तेव्हा शाळेत होतीस. शाळेतून आलीस की त्यांच्या खाटेशी बसून माशा हाकलायचीस. आई तुला रागवायची, मी नाकाला रुमाल लावून दारातूनच हाका मारायची. डॉक्टरपुढे पोलकं काढण्यापेक्षा मेलेलं बरं, असं काकू म्हणाल्या होत्या, आणि तसंच झालं. काकूंना नेलं त्या दिवशी तू जेवली नाहीस. पुष्कळ वर्षांनी, नोकरी लागल्यावर, एकदा भाजी निवडता निवडता सहज म्हणालीस, "काकूले नुसतं थुंकायला सांगतलं असतं ना ताई, तर थुंकली असती. थुंकायले कोन लाजते?"

तर तू रायपुरातल्या कारखान्यांच्या वस्त्यांत, भनपुरीला, उरल्याला, स्कूटर घेऊन हिंडायला लागलीस. ट्रकवाल्यांच्या, रोलिंग मिलमधल्या कामगारांच्या बायकांच्या लाळा गोळा करायच्या. बायका हसायच्या, एकमेकींना कोपरं मारायच्या, पण थुंकायच्या. अडचण निराळीच निघाली. रायपुरात सकाळी बाईचं तोंड मोकळं सापडणं मुश्किल. डोळे उघडले की आधी गुडाखू, तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा, बोटाने दातांवर घासल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. गुडाखूची लाळ आत गेली की तुझं भोक तुंबायचं. तू घरी येऊन कपाळाला हात लावायचीस, आणि मी समोर बसून, माझी डबी उघडून, दात घासत तुझं ऐकून घ्यायची.

"मोठी ऑफिसवाली बाई, आन् गुडाखू घासून राहिली," तू चिडायचीस. "तुले लाज नाई वाटत काय वं?"

"तुह्या भोकाले सोसत नसन तर भोक बदल," मी म्हणायची. "माही डबी सुटणार नाई."

या एका गोष्टीवरून आपण किती भांडलो. तू माझ्या डब्या नालीत फेकल्यास, मी नव्या आणल्या. दादा म्हणायचा, दोघींना एका घरात ठेवणं म्हणजे रोजचा तमाशा. दादाची बायको सणावारी यायची तेव्हा गंमत म्हणून मुद्दाम विषय काढायची. आता त्या घरात मी एकटी आहे आणि डबी कुणी फेकत नाही.

आता त्या नळीचं. रोज काम सुरू करण्याआधी यंत्राचं शून्य लावावं लागायचं, किराणावाला सकाळी पारडी सारखी करून घेतो तसं. त्यासाठी एका निरोगी बाईची ताजी लाळ लागायची, चहा नाही, गुडाखू नाही, पान नाही अशी. दिवसभरात येणाऱ्या सगळ्या बायका त्या एका लाळेशी ताडून पाहायच्या. लॅबमध्ये तुम्ही दोघी. तुझी मदतनीस, अभनपुरची हेमीन, तेव्हा अंगावर पाजत होती, म्हणून तिची लाळ चालणार नाही असं ठरलं. मग उरलीस तू. पोचल्याबरोबर पहिली नळी तुझी. नळीवर तुझ्या त्या ठसठशीत अक्षरात 'स्वस्थ' असं लिहायचं, थोडी लाळ यंत्रात घालायची आणि उरलेली फ्रीझरमध्ये. हेमीनचं पोर पुढे पायाने शाळेत जायला लागलं, तरी पहिली नळी तुझीच राहिली. पद्धत पडून गेली होती.

बायकांना तू किती बजावायचीस. आमचं यंत्र अजून कच्चं आहे, त्याच्या भरवशावर राहू नका, दवाखान्यात जाऊन मॅमोग्राफी करून या. जी जायची नाही तिच्या दारात पुन्हा जाऊन उभी राहायचीस. मी एकदा विचारलं, "अन् तू कधी केली?"

"माही तर रोज सकाळी होते," तू म्हणालीस. थट्टेत म्हणालीस. मीही हसले आणि पोळ्या लाटायला लागले.

मग शेवटची दोनेक वर्षं. तुझा चेहरा उतरायला लागला तो तेव्हापासून. आधी कॅन्सरच्या बायका तुझ्या यंत्रावर शून्यापेक्षा ठळक वेगळ्या दिसायच्या. हळूहळू तो फरक कमी होत गेला. आधी तुम्ही म्हणालात भोक झिजलं, म्हणून नवे पडदे मागवले. मग मिठाचं पाणी बदललं. मग रस्त्यावरून ट्रक गेले की टेबल थरथरतं म्हणून पायांखाली रबर घातलं. वीज खालीवर होते म्हणून बॅटरीवर चालवून पाहिलं. उरल्याकडून येणारी काळी धूळ खिडकीवर बसते, म्हणून खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या आणि भर उन्हाळ्यात दोघी आत उकडत बसलात. बाहेरगावाहून मोठी माणसं पाहायला आली, माना हलवून गेली. पडदा, पाणी, वीज, वारा, सगळ्यांवर शंका घेऊन झाली. एका तोंडावर कुणाला शंका आली नाही.

त्या दिवसांत एकदा तू ताटावरून तशीच उठलीस. "माहे कान गेले वाटते ताई," म्हणालीस. "भरून आन् रिकामी, दोन्ही सारख्याच वाजून राहिल्या."

आणि पाठ दुखते म्हणायचीस. मी स्कूटरला शिव्या घातल्या, त्या खड्ड्यांना घातल्या, तुझ्या लॅबमधल्या मोडक्या खुर्चीला घातल्या. ओवा घालून तेल गरम करायचे आणि तुझी पाठ रगडायचे. तू उशीत तोंड खुपसून "अजून खाली, अजून खाली" म्हणायचीस. मला वाटायचं बरं वाटतंय हिला. मग एका सकाळी चप्पल घालायला वाकलीस आणि तुला उठताच येईना. दादाने आणि मी उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात पाठीचा फोटो काढला, मग सगळ्या अंगाचे काढले. ते मणक्यांत पोचलं होतं. निघालं होतं डाव्या छातीतून, काखेच्या बाजूला, आत खोल. डॉक्टरने विचारलं, "मैडम, मैमोग्राफी कब कराई थी?" तू डॉक्टरकडे न बघता माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मी विसरणार नाही. मार खाणार हे ठाऊक असलेलं पोरगं आईकडे बघतं, तशी.

आता त्या दुपारचं सांगते, कारण आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि तिथेच राहिलं. हेमीन डबा घेऊन आली होती. कूलर घरघरत होता. तू सलाइनकडे बघत पडली होतीस आणि मधूनच, काही संबंध नसताना, विचारलंस, "हेमीन, ज़ीरो किससे लगाते थे अपन?"

हेमीन डब्याचं झाकण उघडत होती. तिचा हात थांबला. तिला कळलं, मला अजून कळलं नव्हतं.

"आपसे, दीदी," ती म्हणाली.

"रोज?"

"हव."

तू हसायला लागलीस. पाठीत कळ आली तरी हसत राहिलीस. "ताई, आमचं भोक बरोबर होतं वं! ते ऐकून राहिलं होतं! भरलेल्या गाडीलेच आमी रिकामी म्हणून धरलं. मग बाकीच्या भरलेल्या वेगळ्या काहून वाजतीन?" तुझं तोंड असं उजळलं होतं, जणू भिंतीपलीकडून शेवटचा डबा आत्ताच गेलाय आणि तू बरोबर ओळखलंयस. हेमीन डबा तसाच ठेवून भिंतीकडे तोंड करून रडत होती.

मला तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरं सांगते. "यंत्र बरोबर निघालं म्हणून खूश होऊन राहिली काय पोट्टे?" मी ओरडले. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "तू मरून राहिली. कळते काय तुले? तू मरून राहिली!"

तोवर आपल्यात तो शब्द कुणी काढला नव्हता. मग माझा हात ओढून घेतलास आणि हळू आवाजात म्हणालीस, "ते तर होऊनच राहिलं ना ताई. आता हे तरी कामी येऊ दे."

मग तू समजावून सांगितलंस, मला समजेल अशा भाषेत. फ्रीझरमध्ये तुझ्या सगळ्या जुन्या नळ्या आहेत. खऱ्याखुऱ्या निरोगी बायकांच्या लाळेवर शून्य लावून त्या पुन्हा यंत्रातून काढल्या, तर कळेल की तुझी गाडी कधीपासून भरायला लागली. कदाचित असंही दिसेल की गाठ हाताला लागायच्या, फोटोत दिसायच्या आधीच यंत्राला ऐकू आलं होतं. "कदाचित म्हणते मी," तू बोट वर करून म्हणालीस. "कदाचित नाईही. एका बाईवरून काही सिद्ध नाई होत." अशा वेळीसुद्धा तुझी ती सवय गेली नाही. आणि शेवटी म्हणालीस, "पण लपवू नका. आमी शून्य चुकीचं लावलं आन् मी स्वतः तपासून नाई घेतलं, हे माह्या नावानं सांगा. नाई तर दुसरी कोनी असंच करन."

मी "पाहू" म्हणाले. एवढंच. हो म्हटलं नाही. माझा राग उतरला नव्हता, आणि मला वाटलं पुढे वेळ आहे. वेळ नव्हता. त्यानंतर दुखणं औषधाला जुमानेना. तू कण्हायचीस, मग कण्हायचं त्राणही गेलं. शेवटी शेवटी मला ओळखेनाशी झालीस, आई समजून माझ्याकडे पाणी मागायचीस. मी आई होऊन पाजायची. एक गोष्ट तुला विचारायची होती, विशू. तुला भीती वाटते का? रोज ओठावर यायचं आणि रोज मी चादर सारखी करायची. तूही सांगितलं नाहीस. यंत्राचं सगळं सांगितलंस, स्वतःचं एक अक्षर नाही.

दादावर रागावू नकोस. तो वाईट माणूस नाही. मिलमधली पाळी संपली की तसाच, अंगावरच्या धुळीसकट, दवाखान्यात येऊन तुझे पाय चेपत बसायचा. पण तू गेल्यावर लॅबमधून निरोप आला की पहिली नळी कुणाची हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्या नळ्या काढून काही सांगायचं तर नाव झाकता येणार नाही, म्हणून घरचे हो म्हणतील तरच हात लावू. दादा एकदम भडकला. "अख्ख्या समाजात विशूचं नाव आहे. लोकं काय म्हणतीन? जगाले शिकवत होती आन् सोताचं पाहता नाई आलं. हसतीन लोकं! मेलेल्या बहिणीले काहून उघडं पाडतं वं तू?" आणि बोलता बोलता ढसाढसा रडला. तो खोटं बोलत नव्हता. लोक हसतात. शेवंताकाकूंच्या घरावरून जातानासुद्धा हसणारे होतेच.

म्हणून काल मी माइकपाशी जाऊन परत आले.

पण पुढे ऐक. सभा संपली, पंगत बसली. मी वाढायला म्हणून उठले तर चपलांच्या ढिगाशेजारी एक बाई बसलेली. भनपुरीची, साठीच्या आतली, पदर डोक्यावर. मला म्हणाली, "दीदी हमको डाँट-डाँट के भेजी थी. हम नहीं जा रहे थे. तीन बार घर आई. फोटो में निकला. समय पे निकल गया तो बच गए." तिने पदराआड छातीच्या एका बाजूला हात ठेवला, ती बाजू सपाट होती. मी तिच्याजवळ खालीच बसले. मग तिने विचारलं, अगदी साधेपणाने, शेजारणीला विचारावं तसं, "और दीदी खुद कब कराई थीं?"

दादा मागे उभा होता, हातात खिरीचं भांडं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"नहीं कराई थी," मी म्हणाले. "रोज सबेरे मशीन में अपना ही थूक डालती थी. सोचा, मशीन तो देख ही रही है."

ती हसली नाही, विशू. तिने तुझ्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "हमारी ननद भी यही बोलती है, मेरे को क्या होगा. आज जाके बताऊँगी उसको, कि दीदी को भी हुआ." आणि डोळे पुसून, पदर सावरून ती पंगतीत जाऊन बसली. दादाने तिला खीर वाढली, तिने नको म्हटलं तरी अजून वाढली. संध्याकाळी भांडी गाडीत चढवताना तो माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "हो म्हणून दे त्यायले."

माझं 'हो' तुला असं मिळतंय, उशिरा, आणि तेही त्या बाईमुळे. तुझ्या यंत्राने अजून एकीचाही जीव वाचवलेला नाही. तिला वाचवलं ते तुझ्या कटकटीने. तुझी कटकट मी जन्मभर सोसली, तिच्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. आता मानते.

आज सकाळी मी तुझ्या लॅबमध्ये गेले होते. तू गेल्यापासून डबीला हात लावलेला नाही. हिरड्या शिवशिवतात, डोकं जड होतं, पोस्टमनवर ओरडते, दूधवाल्यावर ओरडते. तुझ्यावरच्या रागातला थोडा हिस्सा त्याचाही असेल. पण आज उठले ते चहासुद्धा न घेता निघाले. रिक्षावाल्याने विचारलं, "माताजी, उपवास है क्या?" मी हो म्हटलं.

हेमीनने फ्रीझर उघडला. बर्फ साचलेल्या पेट्या, पेट्यांत तुझ्या नळ्या, आणि प्रत्येकीवर तुझं ते अक्षर. स्वस्थ, स्वस्थ, स्वस्थ. वरच्या पेटीतल्या नळ्या अलीकडच्या, पाठ दुखायला लागल्यानंतरच्या. त्या दिवसांत मी तुझ्या पाठीला तेल लावत होते आणि तू इथे येऊन हे लिहीत होतीस. त्या नळ्यांवरचा शब्द आता बदलायला हवा असं हेमीन म्हणाली. तिने एक नळी हातात घेतली, पेन उघडलं आणि तशीच उभी राहिली. "मेरे से नहीं होगा, दीदी." मग ते पेन मी घेतलं. बोटं बधिर व्हायची, मध्ये मध्ये हात काखेत धरून ऊब घ्यायची आणि पुन्हा लागायची. तुझं अक्षर मी गिचमिड करून पुसलं नाही, नुसती आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. पेटी संपली.

मग मी म्हटलं, आता माझी घे. हेमीन आधी नाही म्हणाली, मग तिने एक रिकामी नळी दिली. आता शून्य एका बाईवर लावणार नाहीत, पुष्कळ जणींवर लावतील, त्यात एक मी. मी नळीत थुंकले. तोंड कोरडं पडलं होतं, वेळ लागला. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढी भांडते, थुंकायले काय झालं? नळी भरली. झाकण लावून मी ती हेमीनपुढे धरली आणि म्हणाले, "लिख. स्वस्थ."

हेमीनने पेनाचं टोपण लावून टाकलं. "अब सिर्फ पूछ के नहीं लिखते, दीदी. आप तो उनकी सगी बहन हो. पहले मैमोग्राफी कराओ, फिर लिखूँगी."

सोमवारचा नंबर लागलाय. दादा सोबत येतो म्हणाला आहे. तुला जे कधी विचारलं नाही ते आता मीच तुला सांगते, विशू. मला भीती वाटते. पोलकं काढायची वाटते, त्या थंड मशीनची वाटते, आणि डॉक्टर फोटो बघून गप्प राहील त्या क्षणाची सगळ्यात जास्त वाटते. तुलाही वाटली असेल. आपण दोघी एकमेकींना सांगू शकलो असतो.

हेमीनने माझी नळी तुझ्या रॅकमध्ये, पहिल्या खाचेत, तुझ्या जागेवर ठेवली. तिच्यावर अजून काही लिहिलेलं नाही.

तुझी,
ताई